जळगावात राहून टेक्निकल कम्युनिकेशन शिकताना

मे 2025 मध्ये माझं टेक्निकल कम्युनिकेशनचं ग्रॅज्युएट सर्टिफिकेट पूर्ण झालं, म्हणजे यंत्रं-उपकरणं वापरायच्या सूचना लोकांना समजतील अशा लिहिण्याचा, पदवीनंतरचा छोटा अभ्यासक्रम. शिक्षण अमेरिकेतल्या एका सरकारी विद्यापीठाचं, पण जळगाव, नोकरी आणि घर यातलं काहीच सोडावं लागलं नाही. तेव्हापासून ओळखीचे आणि ओळखीच्यांच्या ओळखीचे फोन करून तेच तेच विचारतात: हे नेमकं असतं काय, पैसे किती लागले, व्हिसाचं काय, नोकरी सांभाळून जमतं का. म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवते. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही. मला त्यांची जाहिरातही करायची नाही आणि गाऱ्हाणंही मांडायचं नाही.

मी 2012 ची मेकॅनिकल इंजिनिअर. एमआयडीसीत ठिबकचे सुटे भाग बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत ड्रॉइंग काढायला लागले. पुढे 'मॅडमचं मराठी बरं आहे' एवढ्याच कारणावरून माहितीपत्रकं, वॉरंटी कार्डं, फिल्टर धुण्याच्या सूचना, व्हेंच्युरी बसवायचे तक्ते असं एकेक माझ्या टेबलावर येत गेलं. दहा वर्षं हे काम केलं, पण त्याचं वेगळं शिक्षण असतं हे कानावरही आलं नव्हतं. आपल्याकडे इंजिनिअरिंगला कम्युनिकेशन स्किल्सचा एक पेपर असतो: पत्रलेखन, ग्रुप डिस्कशन, मुलाखतीला कसं बसायचं. तो सुटला की विषय संपला.

जून 2022 मध्ये निर्यातीच्या एका ऑर्डरसाठी ग्राहकाने मॅन्युअल एका ठराविक एक्सएमएल (मजकुरावर कंसांतल्या खुणा घालायची संगणकी पद्धत) साच्यात मागितलं. तो साचा काय प्रकार आहे हे शोधायला बसले आणि भलतंच सापडलं. टेक्सास टेकसारखी विद्यापीठं टेक्निकल कम्युनिकेशन या विषयात थेट पीएचडीपर्यंत शिकवतात, आयर्लंडच्या लिमरिक विद्यापीठात याची एमए आहे, आणि यातलं बरंचसं घरी बसून करता येतं. एमएला साधारण 30 च्या पुढे क्रेडिट लागतात, सर्टिफिकेटला 15. माझा खिसा आणि मुलाचं वय पाहून मी 15 वाल्याकडे वळले. एका सत्रात एक विषय, असे पाच विषय.

पहिलं काम ट्रान्सक्रिप्टचं. बाहेरची विद्यापीठं नुसती गुणपत्रिकेची झेरॉक्स घेत नाहीत. सगळ्या सत्रांचे गुण एकत्र दाखवणारा, आपल्या विद्यापीठाच्या सही-शिक्क्याचा दाखला बंद पाकिटात मागतात. मी जुलैमध्ये अर्ज केला. सगळ्या गुणपत्रिकांच्या स्वच्छ झेरॉक्स, पदवी प्रमाणपत्र, शुल्काची पावती असा गठ्ठा घेऊन गिरणेचा पूल ओलांडून विद्यापीठात गेले. तिथलं काम रीतसर झालं. खरी गुंतागुंत वेगळीच निघाली. माझं पदवी प्रमाणपत्र 'उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ' या नावाचं. 2018 मध्ये विद्यापीठाला कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव दिलं गेलं, त्यामुळे नवा दाखला लांब नावाचा. तिकडच्या प्रवेश कार्यालयाची मेल आली, की ही दोन वेगळी विद्यापीठं आहेत का, आणि असल्यास दुसऱ्याचा दाखला कुठे आहे. मी विद्यापीठाच्या संकेतस्थळावरचं नामविस्ताराचं पान आणि दोन ओळींचं पत्र पाठवलं, तेव्हा प्रकरण मिटलं. 2018 च्या आधी पास झालेल्या प्रत्येकाने हे पत्र मूळ अर्जासोबतच जोडावं.

नावाचा दुसरा गुंता माझा स्वतःचा. आपल्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग आपलं नाव, मग वडिलांचं, शेवटी आईचं. पासपोर्टवर लग्नानंतरचं आडनाव आणि मधलं नाव नवऱ्याचं. तिकडच्या प्रवेश कार्यालयातल्या बाईंच्या दृष्टीने या दोन वेगळ्या बायका. विवाह नोंदणी दाखला आणि तेव्हाच्या 100 रुपयांच्या स्टँप पेपरवर नोटरीसमोर केलेलं 'दोन्ही नावांची व्यक्ती मीच' असं प्रतिज्ञापत्र, दोन्ही इंग्रजीत, दिल्यावर मी एक झाले. (आमच्याकडे विवाह नोंदणीचा दाखला मराठीत होता, त्याचं प्रमाणित भाषांतर करून घ्यावं लागलं.) आणखी एक: टक्क्यांचं जीपीए आपल्या हिशेबाने करून अर्जात भरू नका. अर्जात गुण जसे आहेत तसे लिहायचे, रूपांतर त्यांचं ते करतात. काही विद्यापीठं हे काम डब्ल्यूईएससारख्या, परदेशी पदव्यांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेकडून करून आणायला सांगतात, त्याचा खर्च आणि वेळ वेगळा. माझ्या विद्यापीठाने स्वतःच केलं. दाखले, झेरॉक्स, नोटरी, भाषांतर, परदेशी कुरिअर मिळून सहा हजारांच्या आत भागलं, पण सप्टेंबर उजाडला.

बीएस्सी, बीए, बीकॉम झालेल्यांसाठी: तीन वर्षांची पदवी अनेक अमेरिकन विद्यापीठं थेट धरत नाहीत, चार वर्षं किंवा वर एमए-एमएस्सी बघतात. काही कागद गोळा करण्याआधी 'माझी पदवी चालेल का' अशी एक मेल पाठवून मोकळे व्हा.

मग टोफेल, ही इंग्रजीची परीक्षा. नोव्हेंबर 2022 मध्ये मी घरून द्यायची आवृत्ती निवडली. फी 190 डॉलरच्या आसपास, म्हणजे तेव्हाच्या भावाने पंधरा हजारांच्या वर. घरून म्हणजे सोपी असं वाटतं, पण तेव्हाच्या अटी वाचा. खोलीत दुसरं कोणी नको, टेबल रिकामं, हेडफोन चालत नाही, कागद-पेन चालत नाही. टिपणं काढायची तर छोट्या व्हाइटबोर्डवर, आणि शेवटी तो कॅमेऱ्यासमोर पुसून दाखवायचा. देखरेख करणारा माणूस आधी कॅमेरा चारी भिंतींवर फिरवायला लावतो, मग हातातला आरसा धरून आपल्याच स्क्रीनच्या कडा दाखवायला लावतो. सासूबाई दाराबाहेरून ऐकत होत्या. नंतर म्हणाल्या, "परीक्षा होती का झडती?" मी दोन गोष्टींची काळजी घेतली होती. एक, इन्व्हर्टर आणि मोबाइलचं हॉटस्पॉट तयार ठेवलं. दुसरी म्हणजे वेळ सकाळची घेतली, कारण तुळशीचं लग्न लागलं की आमच्या कॉलनीत वराती सुरू होतात आणि संध्याकाळी बँडपुढे कुठलाच मायक्रोफोन टिकत नाही. बोलण्याच्या विभागात पलीकडे माणूस नसतो, यंत्राशी बोलायचं असतं. 45 सेकंद सलग बोलायची सवय आधी मोबाइलवर रेकॉर्ड करून करा. मला खरी भीती त्याचीच होती.

अर्जाची मुदत 1 मार्च 2023 होती. शिफारसपत्रं तीन, आणि ती संस्थेच्या ईमेलवरूनच आली पाहिजेत. आमच्या कॉलेजच्या सरांचा आयुष्यभराचा पत्ता जीमेलचा, शिवाय ते निवृत्त झालेले. कॉलेजच्या सध्याच्या विभागप्रमुखांकडून एक, कंपनीकडून एक, आणि सरांसाठी प्रवेश कार्यालयाला आधी कळवून परवानगी घेतली. ती मिळते, फक्त विचारावं लागतं. उद्देशपत्रात मी बालपण, स्वप्नं वगैरे काही लिहिलं नाही. आमच्या स्क्रीन फिल्टरच्या माहितीपत्रकाची चौथी आवृत्ती काढूनही शेतकरी तेच तीन प्रश्न फोनवर का विचारतात हे मला समजत नाही, एवढंच दीड पानात लिहिलं. लेखनाचा नमुना म्हणून तेच पत्रक इंग्रजीत करून जोडलं. एप्रिलमध्ये प्रवेश मिळाल्याची मेल आली. मी ती ऑफिसात वाचली आणि आनंदाआधी पोटात गोळा आला, कारण आता पैसे भरायचे होते.

क्रेडिटला 450 डॉलर, विषयाला तीन क्रेडिट, म्हणजे एका सत्राचे 1350 डॉलर. 83 च्या भावाने एक लाख बारा हजार. पहिल्या दोन सत्रांचे पैसे साठवलेले होते. पुढच्यासाठी पाटल्या बँकेत तारण ठेवल्या. सोन्याच्या गावात राहून त्याचा एवढा तरी उपयोग. परदेशी पैसे पाठवण्याच्या फॉर्म ए-2 मध्ये उद्देशाचा कोड लिहावा लागतो. इथे शाखेत गोंधळ होतो, कारण परदेशी शिक्षण म्हटलं की काउंटरवर सवयीने एस-0305 लिहितात. तो प्रवास करून शिकायला जाणाऱ्यांचा. घरी राहून दूरस्थ शिकणाऱ्यांसाठी एस-1107 आहे. हे मी छापून नेलं होतं. मधल्या बँकांचं कमिशन वाटेत कापलं जातं आणि विद्यापीठाला वीस-पंचवीस डॉलर कमी पोचतात, मग तेवढ्यासाठी नाव नोंदणी अडते. म्हणून सगळे चार्जेस आपण भरण्याचा पर्याय फॉर्मवर निवडा, त्याला ते 'ओयूआर' म्हणतात. त्या वेळी एका आर्थिक वर्षात 7 लाखांपर्यंत टीसीएस (परदेशी पैसे पाठवताना बँक आगाऊ घेते तो कर) लागत नव्हता, त्यामुळे माझा तो प्रश्न आला नाही. हे नियम अर्थसंकल्पागणिक बदलतात, तेव्हा ज्या वर्षी पैसे पाठवाल त्या वर्षीचा नियम बघा.

व्हिसा लागत नाही. आय-20, म्हणजे विद्यार्थी व्हिसासाठी लागणारा विद्यापीठाचा कागद, मिळत नाही. या मार्गाने अमेरिकेला जाता येतं असं कोणी सांगितलं तर तो माणूस काहीतरी विकतोय. सरकारी नोकरीसाठी समकक्षता हवी असेल तरीही जपून, घरबसल्या मिळवलेल्या परदेशी पात्रतेला ती मिळेलच असं गृहीत धरून पैसे भरू नका.

ऑगस्ट 2023 च्या शेवटी वर्ग सुरू झाले. मंगळवारी त्यांच्या संध्याकाळी सहाला, म्हणजे आपल्याकडे बुधवारी पहाटे साडेचारला. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडे घड्याळं मागे जातात आणि वर्ग साडेपाचला येतो. मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुन्हा साडेचार. गृहपाठ रविवारी रात्री 11:59 पर्यंत, म्हणजे आपले सोमवारचे सकाळचे 10:29, हिवाळ्यात 11:29. हा तासाभराचा फरक कॅलेंडरवर लाल शाईने लिहून ठेवा. मी पहाटे वर्ग, मग मुलाचा डबा, मग ऑफिस असं लावून घेतलं. पहिले दोन महिने बुधवारी दुपारी ऑफिसात डोळे मिटायचे. वरिष्ठांना आधीच सांगितलं होतं म्हणून निभावलं.

प्राध्यापकांना पहिल्या नावाने हाक मारायची हे शेवटपर्यंत अवघड गेलं. मी मेलमध्ये 'प्रोफेसर' लिहून वेळ मारून नेत असे.

पहिल्याच विषयात इंग्रजी सुधारण्याचा काही संबंध नाही हे कळलं. व्याकरण येतं असं धरून चालतात. आठवड्याला ऐंशी-नव्वद पानं वाचन, गुरुवारपर्यंत चर्चेत आपलं मत, रविवारपर्यंत दोघांच्या मतांवर उत्तर. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात चॅलेंजर आलं. या विषयाच्या प्रत्येक वर्गात ते येतंच. 28 जानेवारी 1986 ला चॅलेंजर यान उड्डाणानंतर काही क्षणांत फुटलं, सातही अंतराळवीर गेले. रॉकेटच्या सांध्यातली रबरी ओ-रिंग झिजतेय आणि त्यातून मोठा अपघात होऊ शकतो हे रॉकेट बनवणाऱ्या मॉर्टन थायोकॉल कंपनीचे इंजिनिअर रॉजर बॉइसजॉली यांनी 31 जुलै 1985 लाच पत्रात लिहिलं होतं. उड्डाणाच्या आदल्या रात्री फोनवर झालेल्या बैठकीतही इंजिनिअरांनी थंडीमुळे उड्डाण नको म्हटलं होतं. त्या बैठकीतले तक्ते नीट मांडले असते तर उड्डाण थांबलं असतं, असं एका बाजूचं म्हणणं. आम्हाला ते पत्र वाचायला दिलं. मला ते पुरेसं स्पष्ट वाटलं. माणसं मरतील असं त्यात सरळ लिहिलंय. मी चर्चेत लिहिलं की वाचणाऱ्याला ऐकायचंच नसेल तर तक्ता सुधारून काय होणार. दोन दिवस माझ्यावर उत्तरं येत होती. बाजू कुणाचीही बरोबर असो, पण ऑफिसात मी एखादी गोष्ट तोंडी न सांगता तारीख टाकून लेखी द्यायला लागले ती तेव्हापासून.

संपादनाच्या विषयात विमान उद्योगातली नियंत्रित इंग्रजी शिकवली, एएसडी-एसटीई100. कृती सांगणाऱ्या वाक्यात जास्तीत जास्त 20 शब्द, वर्णनाच्या वाक्यात 25, एका शब्दाला एकच अर्थ. मी आमचं मराठी पत्रक त्या मापाने मोजलं. एक वाक्य सहा ओळींचं होतं आणि त्यात तीन वेळा 'तथापि'. पुढचा विषय साच्याचा, ज्याच्यामुळे मी इथवर आले: डिटा. आयबीएममध्ये तयार झालेली आणि 2005 मध्ये ओएसिस या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने प्रमाण केलेली पद्धत. मजकुराचे छोटे तुकडे करायचे, संकल्पना वेगळी, कृती वेगळी, संदर्भ वेगळा, आणि तेच तुकडे हव्या त्या मॅन्युअलमध्ये जोडायचे. उपयोगी आहे, पण शिकायला कोरडं. उन्हाळी सत्रात, जळगावच्या मे-जूनमध्ये, एक्सएमएलचे कंस जुळवत बसणं मी कुणाला सुचवणार नाही.

सर्टिफिकेटभर एक भीती सतत सोबत होती: हे काम पुढे उरेल का? मी टोफेल दिलं त्याच महिन्यात चॅटजीपीटी आलं, आणि वर्ग सुरू होईपर्यंत प्रत्येक विषयाच्या पहिल्या पानावर ते कुठे वापरायचं, कुठे नाही याचे नियम आले होते. त्यात जानेवारी 2025 मध्ये, माझं शेवटचं सत्र नुकतंच सुरू झालेलं असताना, एसटीसी (सोसायटी फॉर टेक्निकल कम्युनिकेशन) ही या क्षेत्रातली 1953 पासूनची अमेरिकन संघटना दिवाळखोरी जाहीर करून बंद पडली. वर्गात शोककळा. मी पाटल्या तारण ठेवून जे शिकत होते त्याची संघटनाच बुडाली होती. नवऱ्याने विचारलं, "मग आता?" म्हटलं, फी भरली आहे.

ते सत्र मला मिळालं ते बरंच झालं, कारण माझा प्रकल्प त्यात होता. विषय होता ठिबकच्या आम्लप्रक्रियेचं पत्रक. आपल्या भागातल्या विहिरी-बोअरचं पाणी क्षाराचं, ड्रिपर चोंदतात. मग पाण्यात आम्ल सोडून नळ्यांच्या शेवटी पीएच 4 च्या आसपास येईपर्यंत चालवायचं, 24 तास संच बंद ठेवायचा, दुसऱ्या दिवशी नळ्यांची टोकं उघडून धुवायचं. घातक भाग एकच: आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही. हे सगळं आमच्या पत्रकात होतं, मीच लिहिलेलं. ते वाचून माणूस खरंच काय करतो हे बघायचं होतं.

माणसांवर काहीही अभ्यास करायचा तर आधी विद्यापीठाच्या नैतिकता समितीची परवानगी लागते. तिकडे तिला आयआरबी म्हणतात. ऑक्टोबर 2024 मध्ये सुरुवात केली. आधी सीआयटीआय नावाचं ऑनलाइन प्रशिक्षण आणि त्याची परीक्षा. मग अर्ज: कोणाला विचारणार, कसं बोलावणार, काय धोका, माहिती कुठे ठेवणार, मोबदला काय. संमतीपत्र इंग्रजीत आणि मराठीत, दोन्ही. विद्यार्थ्याच्या नावावर अर्ज चालत नाही, प्राध्यापक प्रमुख लागतात. समितीचा पहिला प्रश्न: तुम्ही शेतकऱ्यांच्या हातात आम्ल देणार का? मी लिहिलं, कॅनमध्ये साधं पाणी असेल आणि तसं त्यांना आधी सांगितलं जाईल. दुसरा प्रश्न मीच उभा केला. सही. आमच्याकडे शेतकरी अनोळखी माणसाच्या कागदावर सही करत नाही. सही म्हणजे सोसायटीचं कर्ज, जामीन नाहीतर सातबारा. इंग्रजीची एक प्रत जोडलेली असेल तर विचारूच नका. मी हे तसंच समजावून लिहिलं आणि तोंडी संमतीची सवलत मागितली. मिळाली. डिसेंबरमध्ये मंजुरी आली. या कामाला सत्र सुरू झाल्यावर हात घातला तर सत्र परवानगीतच जातं; आदल्या सत्रात सुरू करा.

किती माणसं हवीत यावर वर्गात बराच खल झाला. वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नील्सन यांचं 2000 सालचं सूत्र असं, की पाच जणांसोबत तपासलं की वापरातल्या बहुतेक अडचणी उघड होतात. मी यावल तालुक्यातले पाच केळी उत्पादक घेतले. नवऱ्याच्या मामांच्या ओळखीने, पण मामांना बांधावर थांबू दिलं नाही. त्यांच्या समोर कोण चुकणार? पहिल्या काकांच्या हातात पत्रक दिलं आणि सांगितलं, वाचताना मनात येईल ते मोठ्याने बोला. त्यांनी ते लांब धरलं, जवळ धरलं आणि म्हणाले, "ताई, चष्मा त घरीच राह्यला." मी सात पॉइंटच्या बारीक अक्षरात छापून घेतलं होतं, जागा वाचावी म्हणून.

बाकीच्यांनी जे केलं ते मी दहा वर्षं टेबलावर बसून कधी बघितलं नव्हतं. हात ओले, एका हातात व्हॉल्व्हची चावी, त्यामुळे घडीचं पत्रक उघडतच नव्हतं. उघडलं की नजर थेट चित्रावर. मजकूर कुणी सलग वाचला नाही. 'आम्ल पाण्यात ओता' ही सूचना मी खाली, ठळक चौकटीत दिली होती. दोघांनी तिथे पोचायच्या आतच बादलीत आधी कॅन रिकामा केला आणि मग वरून पाणी. कॅनमध्ये पाणी होतं म्हणून ठीक. पीएच पट्टीचा रंग मी शब्दांत लिहिला होता, 'नारिंगी छटा', आणि पत्रक काळं-पांढरं. आणि मापं. पत्रकात प्रमाण लिटरला होतं, ते मात्र विचारत होते, एकराच्या संचाला किती.

चौथ्या शेतावर मालकांनी पत्रक हातात घेतलं, दोन मिनिटं पाहिलं आणि हाक मारली, "ए, इकडे ये, हे तुझं काम आहे." सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी, आला. संच तोच चालवायचा. तो पावरा आदिवासी, मराठी बोलायला येत होती, वाचायला अडखळत होता. मी त्या दिवशी तिथेच थांबले, कारण माझी परवानगी 'केळी उत्पादक शेतकरी' एवढ्यापुरतीच होती.

मार्गदर्शक बाईंना लिहिलं. त्यांचं म्हणणं, पत्रक वापरणारा माणूस सापडलाय, त्याला सोडू नका. मग परवानगीत दुरुस्ती. समितीने विचारलं, मालक समोर असताना सालदार नाही म्हणू शकेल का? उत्तर उघड होतं. अट घातली गेली: मालक हजर नको, सालदाराने नाही म्हटलं तरी मालकाला कळवायचं नाही, आणि त्याची मजुरी बुडणार नाही अशी वेळ. मार्च त्यात गेला. मी 'अपूर्ण' शेरा घेऊन मुदत वाढवता येते का हेही विचारून ठेवलं होतं. तशी सोय असते, घाबरू नका. एप्रिलच्या कडक उन्हात, सकाळी सातच्या आत, तिघा सालदारांसोबत तपासणी झाली. त्यातल्या एकाची बायको शेजारी उभी होती. शेवटी कळलं की व्हॉल्व्ह उघड-बंद तीच करते.

ज्या विद्यापीठाचा दाखला मी पाकिटात घालून पाठवला ते ज्या बाईंच्या नावाचं, त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. हे मला यावलहून परतताना एसटीत आठवलं आणि मी पत्रकातला अर्धा मजकूर खोडला.

नवं पत्रक म्हणजे टाकीला चिकटवायचा एक जलरोधक स्टिकर. सहा चित्रं, आकड्यांसह. ओतण्याची सूचना ओतण्याच्या चित्राच्या आधी, स्वतंत्र, लाल चौकटीत. पट्टीचा खरा रंग छापलेला, शेजारी धरून जुळवायला. मापं एकराची. सोबतच्या पिशवीत त्याच क्रमांकांची, मोठ्या अक्षरांची पानं वेगळी, ज्यांना वाचायचंय त्यांच्यासाठी. तिकडच्या परीक्षकांना स्टिकर पटला, पण शेरा दिला की चित्रातला माणूस हातमोजे घातलेला आहे आणि पिशवीत हातमोजे नाहीत. खरं होतं. कंपनीत मी तो शेरा जसाच्या तसा लेखी दिला, तारीख टाकून. हातमोज्यांची एक जोडी खरेदी विभागाने मंजूर केली, बराच काळ घेऊन.

एकूण खर्च, फी, पुस्तकं, परीक्षा, बँक आणि तारणाचं व्याज धरून सव्वासहा लाखांच्या आसपास. पुस्तकं विकत घेऊ नका. सत्रापुरती ई-प्रत भाड्याने मिळते आणि विद्यापीठाच्या ग्रंथालयातून हवा तो लेख स्कॅन करून पाठवतात. पगारात वाढ झाली ती नेहमीच्या वार्षिक वाढीपेक्षा थोडी जास्त, पण तेवढ्याने पाटल्या सुटणार नाहीत. त्या पुढच्या वर्षी सोडवायच्या आहेत. नोकरी बदलण्यासाठी पुणे-बेंगळुरूच्या सॉफ्टवेअर कंपन्यांत डिटा येणाऱ्यांना विचारणा असते, दोन मुलाखती मी दिल्याही. दोन्हीकडे डिटापेक्षा सालदारांच्या तपासणीवरच जास्त प्रश्न आले. जळगाव सोडायचं नाही, म्हणून पुढे गेले नाही.

पुढच्या ऑगस्टला सुरू करायचं असेल तर या जूनमध्ये ट्रान्सक्रिप्टचा अर्ज टाका, नोव्हेंबरच्या आत टोफेल किंवा आयईएलटीएस उरका, आणि शिफारसपत्रांसाठी सरांना दिवाळीच्या सुट्टीतच गाठा. जानेवारीत सबमिशनं आणि परीक्षांची गडबड सुरू झाली की ते फोन उचलत नाहीत.